एनॉसचे सहा फुकट बेस

चेंडू कुठे जाणार हे एनॉस लाउटरबाख आधी ठरवायचा, आणि मग चेंडू मुकाट्यानं तिथंच जायचा. टिंडल्स फेरी या गावात पुष्कळ गोष्टींवरून भांडणं व्हायची, चर्चच्या घंटेवरून, नदीवरच्या पुलावरून, पण एनॉसच्या नेमावरून कधी झाली नाहीत. एकदा विनिफ्रेड प्रॉथेरोनं त्याला परसातल्या झाडाच्या शेंड्यावरचं सफरचंद पाडायला सांगितलं. त्यानं जुना चेंडू घेतला, एक डोळा बारीक केला आणि फेकला. सफरचंद खाली पडलं ते अगदी सगळंच्या सगळं, कुठं ओरखडासुद्धा नाही. देठ तेवढा तुटला होता. विनिफ्रेड म्हणाली, "शिडी आणायचे कष्ट वाचले," आणि ते सफरचंद तिनं त्याच दिवशी ॲपल पायमध्ये घातलं. तिला कौतुक वाटलं नाही असं नाही, पण घरात राहणाऱ्या माणसाचं तोंडावर कौतुक करायची तिला सवय नव्हती.

एनॉस त्यांच्याच घरी वरच्या खोलीत राहायचा. छत्तिशी गाठलेला, बायको नाही, पोरं नाहीत, बोलणंही बेताचंच. विनिफ्रेडचा नवरा ओवेन हा त्याचा कॅचर. एनॉसनं टाकायचं, फलंदाजाच्या पाठीमागं बसून ओवेननं झेलायचं, असा पाच उन्हाळ्यांचा जोडीचा धंदा. आणि पाच उन्हाळे एखाद्याचा चेंडू हातावर घेतला की तो माणूस कळतो. ओवेनला वाटायचं, आपल्याला एनॉस पुरता कळलाय. कळला होता कसला डोंबल! पण ते पुढं येईल.

संघ होता हॅवरस्टिक साहेबांच्या मालकीचा. साहेबांचा गावात वजनकाट्यांचा कारखाना. सोनाराच्या इवल्याशा काट्यापासून कोळशाची आख्खी गाडी तोलणाऱ्या काट्यापर्यंत सगळं तिथं बनायचं, म्हणून संघालाही लोक काटेवाले म्हणत. साहेब वाईट नव्हते. फक्त त्यांना मोजल्याशिवाय काही पटायचं नाही. सूप गरम आहे म्हटलं तर किती गरम, असं विचारणारा माणूस.

आता या बेसबॉलच्या खेळात फलंदाजाला चार वाईट, म्हणजे आवाक्याबाहेरचे, चेंडू पडले की तो बॅट टाकून, टोपी सारखी करत, आरामात चालत पहिल्या बेसवर, म्हणजे धावायच्या पहिल्या थांब्यावर, जातो. मारायचं नाही, धावायचं नाही. टिंडल्स फेरीत त्याला फुकट बेस म्हणत. हॅवरस्टिक साहेबांच्या डोक्यात आलं की पिचरचा, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याचा, नेम मोजायचा तर हेच माप. एका सामन्यात सरासरी किती फुकट बेस दिले, तेवढं बघायचं. मैदानाच्या फाटकापाशी त्यांनी मोठा काळा फळा लावला आणि प्रत्येक सामन्यानंतर स्वतः खडू घेऊन त्यावर आकडे लिहायला लागले. सुरुवातीला लोक हसले. महिन्याभरात सगळं गाव फाटकापाशी थांबून फळा वाचायला लागलं.

ते साल होतं अठराशे एकोणनव्वद. चार चेंडूंचा नियम त्याच वर्षी आलेला. आदल्या वर्षी पाच होते, त्याच्या आधी सहा, सात, असं दरवर्षी वरच्या लोकांच्या मनाला येईल तसं. जूनच्या मध्यावर एनॉसचा आकडा फळ्यावर चारच्या वर गेला तेव्हा ओवेननं तीच सबब पुढं केली. कारखान्याच्या कचेरीत साहेबांसमोर टोपी हातात धरून तो म्हणाला, "मालक, त्याची सवय सात चेंडूंची आहे. माणसाला थोडा वेळ लागणारच की."

"ओवेन, मला वेडा समजतोस का?" साहेबांनी चष्मा वर सारला. "नियम काय एकट्या एनॉससाठी बदलला? सगळ्यांसाठी बदलला. म्हणून मी नुसता त्याचा आकडा बघत नाही, त्याच्या शेजारी सगळ्या लीगचा आकडा ठेवतो. सात चेंडूंच्या वर्षी बाकीचे जेवढे फुकट बेस द्यायचे त्याच्या निम्मे हा द्यायचा. सहाच्या वर्षी निम्मे. पाचच्या वर्षी निम्मे. नियम कसाही असो, हा आपला निम्म्यावर. असा माणूस मी आयुष्यात दुसरा पाहिला नाही, खरंच सांगतो." साहेबांनी टेबलावर बोट आपटलं. "आणि यंदा? यंदा बाकीच्यांपेक्षा जास्त देतोय. मग बिघडलं काय? नियम नाही बिघडला. खांदा गेलाय त्याचा."

हिशेब चोख होता, तीच तर पंचाईत होती.

"चार जुलैपासून तिघांतले दोनच पिचर ठेवणार," साहेब म्हणाले. "आपल्या डावऱ्या पिचरचा आकडा उत्तम आहे, तो राहतो. एनॉस आणि रॅफर्टी, या उरलेल्या दोघांत चार तारखेच्या सकाळच्या सामन्यानंतर ज्याचा आकडा कमी, तो राहील. बरोबरी झाली तर रॅफर्टी, कारण तो वीस वर्षांचा आहे. एनॉसला मीच सांगेन, तू त्रास करून घेऊ नकोस."

डेल रॅफर्टी म्हणजे नुसता वेग. चेंडू असा यायचा की फलंदाजाला वाटावं, आपलं काही चुकलं की काय. कुठं जाईल ते मात्र रॅफर्टीलाही ठाऊक नसायचं. मे महिन्यात त्याचाच एक चेंडू बॅटची कड घेऊन ओवेनच्या उजव्या हाताच्या करंगळीशेजारच्या बोटावर बसला आणि बोट मोडलं.

ही गोष्ट ओवेननं कुणाला कळू दिली नव्हती. त्या काळी कॅचरचा डावा हातमोजा जरा भरलेला असायचा, उजव्यावर बोटं कापलेलं पातळ कातडं, बस्स. बोट मोडलं की त्यावर माती चोळायची, थुंकायचं आणि पुन्हा खाली बसायचं, हा कॅचर लोकांचा रिवाज. बोट दाखवायचं नाही, काही झालं तरी. कारण आदल्या ऑगस्टमध्ये एका कॅचरनं दाखवलं होतं, आणि साहेबांनी त्याला त्याच संध्याकाळच्या गाडीनं घरी पाठवलं होतं. मोडका काटा दुकानात ठेवत नाहीत, असं म्हणाले होते. ओवेनचं बोट एनॉसनं पाहिलं होतं आणि विनिफ्रेडनं. घरातल्या दोघांपासून लपवणार तरी कसं?

विनिफ्रेड रोज सामन्यानंतर स्वयंपाकघरात कोमट पाण्यात व्हिनेगर घालून परात टेबलावर ठेवायची आणि म्हणायची, "आण तुझं नाटक इकडं." त्या दिवशी कचेरीतून आल्यावर ओवेन हात बुडवून बसला होता आणि एनॉसच्या नावानं हळहळत होता.

"खांदा गेला म्हणतात. मला पटत नाही, विनी. चेंडू आजही येतो तो लोण्यासारखा. हाताला कळतसुद्धा नाही."

"ते मला दिसतंय," ती पट्टी फाडत म्हणाली. "रॅफर्टीच्या दिवशी तुझं बोट वांग्यासारखं होऊन येतं. एनॉसच्या दिवशी पाहुण्यासारखं मजेत असतं. आज तर सूजही नाही. काय रे, त्याच्या दिवशी उजव्या हातानं झेलतोस तरी का?"

"नाही झेलत? कॅचर आहे मी."

"मग चेंडू लागत कसा नाही?"

"त्यालाच नेम म्हणतात, बायको."

"नेम म्हणजे काय? आधी नव्हता का त्याला नेम? दोन वर्षांपूर्वी हेच बोट त्याच्याच चेंडूनं निळं व्हायचं. ती डुबकी का काय म्हणता ती. तेव्हा कोण शिव्या घालायचं? मी का?"

ओवेनचा हात परातीत तसाच राहिला.

डुबकी हा एनॉसचा सगळ्यात गुणी चेंडू. सरळ येतोय येतोय असं वाटायचं आणि शेवटच्या हातभरात तो खाली आणि बाहेर बुडायचा, फलंदाजापासून लांब, गुडघ्याच्या उंचीला. फलंदाजाची बॅट वरून जायची. कॅचरला तो उजव्या हातानं पुढं होऊन थोपवावा लागायचा, आणि बसायचा तो नेमका त्याच बोटावर. तीन वाईट चेंडू पडले, आता चौथा वाईट पडला की फुकट बेस, अशा वेळी एनॉस डोळे झाकून डुबकी टाकायचा. यंदापर्यंत त्याचा आकडा निम्म्यावर राहिला तो त्या एका चेंडूच्या जिवावर.

ती डुबकी शेवटची कधी आली होती? ओवेन आठवत बसला. जूनमध्ये नाही. मेच्या अखेरीला नाही. कोणता चेंडू टाकायचा ते एनॉस स्वतः ठरवायचा, टोपीच्या पुढच्या कडेला हात लावला तर उंच, मागं लावला तर डुबकी. मोडलेल्या बोटानंतर त्याचा हात टोपीच्या मागं गेलाच नव्हता. तीन वाईट झाले की तो उंच टाकायचा, डावीकडं, ओवेनच्या भरलेल्या हातमोज्यात. पंचानं चांगला धरला तर धरला. नाही तर फलंदाज निघाला चालत.

"अरे देवा," ओवेन म्हणाला. "विनी, त्याचा खांदा नाही गेलेला. तो माझं बोट जपतोय."

विनिफ्रेड पट्टी हातात घेऊन उभी राहिली. मग ती खुर्चीवर बसली आणि एवढंच म्हणाली, "आणि मी त्याला काल म्हटलं, जरा नीट खेळत जा म्हणून."

एनॉस परसात बादली उलटी घालून त्यावर बसला होता, बुटांना तेल लावत. ओवेन ओल्या हातानंच बाहेर आला.

"डुबकी कुठं गेली रे तुझी?"

एनॉसनं वर पाहिलं नाही. "खांदा दुखतो."

"खोटं बोलू नकोस. तुला जमत नाही ते."

एनॉसनं तेलाची चिंधी घडी करून ठेवली. मग म्हणाला, "माझा आधीचा कॅचर होता, नदीखालच्या संघातला. त्याला आता जेवताना काटा-चमचा धरता येत नाही. ताटातलं मांस बायको कापून देते. मोडक्या बोटावर त्यानं माझी डुबकी झेलली, महिनाभर. मी टाकली म्हणून झेलली. तुझं जुळू दे. मग टाकतो."

"जुळेपर्यंत तू इथं असणार का? चार तारखेला काढतायत तुला!"

"मालकांनी सांगितलं मला."

"मग मी जाऊन त्यांना बोट दाखवतो."

"म्हणजे तू जाशील," एनॉस म्हणाला. "तुला घर आहे, बायको आहे. मी काय, ट्रंक उचलली की निघालो." आणि त्यानं दुसरा बूट घेतला. ओवेनला त्याचा असा राग आला की ती तेलाची बाटली उचलून भिंतीवर आपटावी. ज्या माणसाला आपल्या नेमाखेरीज जगात दुसरी मालमत्ता नाही, त्यानं तीच मालमत्ता गावासमोर महिनाभर उधळली होती, रोज फळ्यावर आपली बेअब्रू वाचत फाटकातून बाहेर पडला होता, आणि चकार शब्द काढला नव्हता.

चार जुलैला, स्वातंत्र्यदिनी, दोन सामने असत, एक सकाळी, एक दुपारी. सकाळचा एनॉसचा, दुपारचा रॅफर्टीचा. नदीपलीकडून होड्या भरभरून माणसं आली होती, बँड होता, लाकडी बाकांवर बसायला जागा नव्हती. साहेब पहिल्या रांगेत, गुडघ्यावर कागद. हिशेब सगळ्या गावाला पाठ होता. एनॉसनं एकच फुकट बेस दिला तर तो रॅफर्टीच्या खाली उतरणार. दोन दिले तर बरोबरी, म्हणजे गेलाच.

पहिल्याच फलंदाजाला तीन वाईट चेंडू झाले. एनॉसचा हात टोपीच्या पुढच्या कडेला गेला. उंच.

ओवेन खाली बसलाच नाही. जाळीचा मुखवटा वर सरकवून तो तसाच उभा राहिला. पंच ओरडला, "प्रॉथेरो, बसतोस की पूजा मांडलीय?" ओवेन चालत एनॉसपर्यंत गेला.

"ऐक. डुबकी टाक. नाही टाकलीस तर आत्ताच्या आत्ता हातमोजा काढतो आणि मालकांना बोट दाखवतो. मग तूही घरी, मीही घरी. विनीला दोघांचं करायला लावू."

"ओवेन—"

"शपथ घेऊन सांगतो, काढतो!"

एनॉसनं त्याच्याकडं पाहिलं. मग त्याचा हात हळूहळू वर गेला आणि टोपीच्या मागं लागला.

ओवेन परत येऊन बसला. उजवा हात खाली, बाहेर धरला. चेंडू आला, सरळ, साधा, भोळा, आणि शेवटी बुडाला. फलंदाजाची बॅट हवेत फिरली. चेंडू त्या बोटावर बसला आणि ओवेनच्या डोळ्यांपुढं काजवे चमकले. मुखवट्याच्या आत त्याचा चेहरा पिळवटला, आणि तरीही त्याच्या तोंडून निघालं ते असं, "वा, लेका! वा!" किती दिवसांनी भेटली होती ती! दुखत होतं, पण त्या चेंडूसारखं देखणं काही त्यानं पाहिलं नव्हतं. पाच वर्षं झेलून तो विसरला होता की हे किती देखणं आहे.

सकाळी एनॉसनं एकही फुकट बेस दिला नाही. एकही नाही. नवव्या डावात बाकांवरची माणसं उभी राहून प्रत्येक चेंडूला आकडा ओरडायला लागली होती, शून्य, शून्य, शून्य. साहेबांनी खडू घेतला, फळ्यावर एनॉसचं नाव वर लिहिलं आणि त्याचा हात धरून दोनदा हलवला. "माझं चुकलं," ते म्हणाले. साहेबांच्या तोंडून हे शब्द गावानं पूर्वी ऐकले नव्हते. रॅफर्टीनं फळा पाहिला, आपली बॅग उचलली आणि दुपारचा सामना गेला खड्ड्यात असं म्हणून तडक स्टेशनचा रस्ता धरला. पोराला दोष कोण देणार.

डावऱ्यानं आदल्याच दिवशी सामना टाकला होता, म्हणजे दुपारीही एनॉसच टाकणार, आणि ओवेनच झेलणार.

दोन सामन्यांमधल्या वेळात विनिफ्रेड बाकांच्या मागच्या बाजूला डबा घेऊन आली होती. तिनं ओवेनचा उजवा हातमोजा सोडवला आणि तोंडावर हात धरला. बोट वेडंवाकडं झालं होतं आणि कातडीखालून हाड वर आलं होतं.

"तुझं डोकं फिरलंय का? आता घरी चल."

"आज सगळा गाव बसलाय इथं, विनी. एवढा एक सामना."

एनॉस हॅमची पोळी हातात घेऊन तिथंच उभा होता. त्यानं बोट पाहिलं, पोळी परत डब्यात ठेवली आणि मैदानाकडं गेला.

दुपारी त्याचा हात टोपीच्या मागं एकदाही गेला नाही. ओवेन उठला, गेला, धमकी दिली. एनॉस म्हणाला, "काढ हातमोजा. सकाळी फसलो, आता फसणार नाही. तू काढणार नाहीस, मला ठाऊक आहे." आणि उंच टाकत राहिला, डावीकडं. साधे फलंदाज तेही मारू शकले नाहीत, पण ज्यांना डोळे होते ते नुसते उभे राहिले. एक फुकट बेस. मग दुसरा. चौथ्याला बाकांवरची कुजबुज वाढली. पाचव्याला कुणीतरी ओरडलं, "आजोबा, झोपा आता!" सातव्या डावात सहावा फुकट बेस गेला तेव्हा तिन्ही बेसवर समोरचे गडी उभे होते, काटेवाले दोनच धावांनी पुढं होते, आणि सकाळी ज्यांनी शून्य शून्य म्हणून घसे फोडले तीच माणसं शिट्ट्या मारत होती. एनॉस चौकटीत उभा होता, मान खाली, चेंडू पँटला पुसत.

हॅवरस्टिक साहेब कागद चुरगाळून मैदानात उतरले. "स्टेशनवर माणूस पाठवा. गाडी सुटली नसेल तर रॅफर्टीला परत आणा. एनॉस, पुरे झालं. सकाळी तुला नशिबानं हात दिला आणि मी त्याला नेम समजलो."

एनॉसनं मान डोलावली आणि चेंडू पुढं केला. तो बोलणारच नव्हता, ओवेनला ठाऊक होतं. हा माणूस उद्या ट्रंक उचलून जाईल, पुढच्या गावात लोक विचारतील तेव्हा खांदा दुखतो म्हणेल, आणि टिंडल्स फेरी त्याला म्हातारा झाला म्हणून विसरून जाईल. असा नेम! हे ओवेनला सोसवेना.

त्यानं मुखवटा जमिनीवर टाकला. मग उजव्या हातावरचं कातडं दातांनी सोडवलं आणि हात डोक्याच्या वर धरला, सगळ्या बाकांना दिसेल असा. कॅचरनं असं करायचं नसतं. शिट्ट्या एकेक करून थांबल्या. पहिल्या रांगेतल्या एका बाईनं मान फिरवली.

"मे महिन्यापासून मोडलंय, मालक," तो म्हणाला. "सकाळी डुबकी झेलली म्हणून असं झालं. ती झेलायला लागू नये म्हणून हा फुकट बेस देतोय. आजच नाही, महिनाभर."

साहेब बोटाकडं बघत राहिले. मग सवयीप्रमाणे म्हणाले, "हे बोटाचं झालं. नेमाचं काय? माणूस वाईट टाकायला लागला की कारणं शंभर सापडतात. मला दिसेल असं काही आहे तुझ्यापाशी?"

मग त्यानं डावा हातमोजाही काढला आणि तळवा पुढं केला. दुपारभर एनॉसचे सगळे उंच चेंडू त्या हातात आले होते, शंभरएक तरी. सगळा तळवा लाल असायला हवा होता. नव्हता. बोटं पांढरी, अंगठा पांढरा, मनगट पांढरं. अंगठ्याच्या उंचवट्याशेजारी, जिथं हातमोज्याचा भराव सगळ्यात जाड असतो, तिथं तेवढा एक गोल लाल डाग.

साहेबांनी चष्मा खाली घेतला. खिशातून चांदीचा डॉलर काढला आणि त्या डागावर ठेवला. डाग डॉलरखाली झाकला गेला. कुठूनही बाहेर दिसेना. त्यांनी नाणं उचललं, पुन्हा ठेवलं, वाकून चहूबाजूंनी पाहिलं.

"सगळे इथं?" त्यांनी हळूच विचारलं.

"सगळे. ते सहा फुकट बेससुद्धा."

साहेबांनी चेंडू एनॉसच्या हातात परत ठेवला. "टाक," म्हणाले. मग ओवेनकडं वळले. "तू घरी जा. डॉक्टरला दाखव. तुझ्या जागी मी दुसरा माणूस घेणार. जागा धरून ठेवीन असा शब्द देत नाही मी, देणार नाही."

"ठाऊक आहे, मालक."

उजव्या बाजूला खेळणाऱ्या प्रुइटनं मुखवटा चढवला. त्याची दहाही बोटं धड होती. ओवेन घरी गेला नाही, बाकाच्या टोकाला विनिफ्रेडपाशी बसला. ती पट्टी बांधत होती आणि तोंडानं चालूच होतं, "मूर्ख, गाढव, दगड," आणि तिचे डोळे भरून वाहत होते. तिन्ही बेस भरलेले. एनॉसनं ओवेनकडं एकदा पाहिलं, मग हात टोपीच्या मागं लावला. तीन चेंडूंत एक फलंदाज गेला. पुढच्या तिनांत दुसरा. तिसऱ्यानं पाचव्या चेंडूवर बॅट अशी फिरवली की स्वतःच गुडघ्यावर आला. आख्खं मैदान उठलं. ओवेनही उठला, ओरडला, आणि मग त्याला उमगलं की एनॉसची डुबकी तो पहिल्यांदाच बाहेरून बघतोय. आतून बघितल्यापेक्षाही ती सुंदर होती.

सामना संपल्यावर फाटकापाशी ही गर्दी. साहेब खडू घेऊन फळ्यापुढं उभे होते. गर्दीतून आवाज आला, "मालक, ते सहा लिहू नका! ते काही खरे फुकट बेस नव्हते!" आणखी चौघांनी री ओढली. साहेब घुटमळले. खडू हातात तसाच.

"लिहा," एनॉस म्हणाला. "सहाच दिलेत."

साहेबांनी सहा लिहिला. ठळक, मोठा, नेहमीपेक्षा जरा मोठाच. गर्दीतल्या पुरुषांनी टोप्या काढल्या, आणि कुणी तसं सांगितलं नव्हतं.

ओवेन बाजूला कुंपणाला टेकून उभा होता, उजवा हात गळ्यात बांधलेला. ते बोट पुढं कधीच सरळ झालं नाही, आणि काटेवाल्यांसाठी तो पुन्हा खाली बसला नाही. त्या संध्याकाळी त्याला याची कल्पना होतीच. एनॉस गर्दीतून वाट काढत त्याच्यापाशी आला. पाच उन्हाळ्यांत दोघांनी कधी हात मिळवला नव्हता, तशी वेळच आली नव्हती. मग त्यानं चेंडू टाकायचा उजवा हात मागं ठेवला आणि डावा पुढं केला.

ओवेननं आपला डावा त्यात दिला. एनॉसनं तो लाल डाग चुकवून, बोटांपाशी हलकेच धरला.